बादलीत उरलेली खिचडी

अंगणवाडीत श्लोक होतो, ताटल्यांत वाफाळती खिचडी पडते, आणि थोड्याच वेळात मदतनीस उरलेलं बादलीत खरवडू लागते. ‘पानात टाकायचं नाही’ या शिस्तीत वाढलेल्या आपल्याला ते बघून वाईट वाटतंच. पण मूल नाटकं करतंय, असं ठरवण्याआधी एक हिशेब मांडू.

3 ते 6 वर्षांच्या मुलाला नाश्ता आणि गरम जेवण मिळून दिवसाला 500 किलोकॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं द्यावीत, असं 2013 चा अन्न सुरक्षा कायदा मुळात सांगत होता; 2023 मध्ये हे निकष बदलले. मऊ खिचडीत बरंचसं पाणीच असतं; एका ग्रॅमला साधारण एक किलोकॅलरी. नुसत्या खिचडीवर 500 गाठायच्या तर अर्धा किलो खावी लागेल, तीही 15 किलोच्या पोराने. त्याच प्रमाणात 60 किलोच्या माणसाने दोन किलो खिचडी संपवायची. जमेल?

त्यात भूकही कमी झालेली असते. पहिल्या वर्षात बाळाचं वजन तिप्पट होतं, पुढे वर्षाला जेमतेम दोन किलोंनी वाढतं. शिवाय वाटेत पाच रुपयांचं पाकीट पोटात गेलेलं असतंच.

या वयात अनोळखी पदार्थाची भीती निसर्गतःच जास्त असते. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ लिअन बर्च यांनी दाखवलं, की तोच पदार्थ पुन्हापुन्हा चाखायला मिळाला की आवडू लागतो. कधी आठ-दहा, कधी पंधरा वेळा. आपण दुसऱ्याच दिवशी ‘याला मेथी आवडत नाही’ म्हणून मोकळे होतो! त्यांच्याच सहकाऱ्यांसोबतच्या 2006 च्या अभ्यासात ‘सूप संपव’ असा आग्रह झालेल्या मुलांनी उलट कमी खाल्लं आणि कुरकूर जास्त केली.

म्हणून मला वाटतं, दटावण्यापेक्षा बादलीचं रोज वजन करावं. उसळीच्या दिवशी जास्त उरतं की लापशीच्या, तिखटामुळे की घाईमुळे, हे महिनाभरात कळेल. आधी थोडंच वाढावं, मागितलं की पुन्हा. घास तोच ठेवून ताकद वाढवता येते: चमचाभर तेलाने 45 किलोकॅलरी वाढतात, शेंगदाण्याच्या कुटाने प्रथिनंही. नाचणीला मोड आणून, वाळवून दळली तर मोडांतली विकरं (एन्झाइम) पिष्टाचे (स्टार्चचे) तुकडे करतात. लापशी घट्ट गोळा न होता पातळ राहते आणि तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं.