बास्कांचा सेटअप म्हणजे अनलिमिटेड थाळी नव्हे

कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डला जेवून आलेली मराठी मंडळी एकच वाक्य पुन्हा पुन्हा लिहितात: "तिथे बास्क लोकांची अनलिमिटेड थाळी मिळते, पोट फुटेस्तोवर वाढतात." पोट फुटतं हे खरं. पण मुख्य पदार्थाआधी सूप, बीन्स, सॅलड असं जे येत राहतं, त्या 'सेटअप'ला थाळी समजून बसलं की जेवणातली निम्मी चव हुकते, आणि शाकाहारी माणसाच्या पोटात नको ते जातं.

थाळी काय असते हे कुणाला सांगायला नको. सगळं एकदम समोर, वाढपी फिरतोय, कशाबरोबर काय खायचं ते आपण ठरवायचं, पैसे माणशी ठरलेले.

तुलना करायचीच तर गिरणगावातल्या खाणावळीशी करा. स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवरचे बास्क लोक 19व्या शतकात सोन्याच्या ओढीने कॅलिफोर्नियात आले आणि बरेचसे मेंढ्यांच्या धंद्यात रुजले. मेंढपाळ महिनोन्‌महिने रानात एकटा असायचा. गावात आला की स्टेशनजवळच्या बास्क हॉटेलात खोली घ्यायचा, जेवायलाही तिथेच. बेकर्सफील्डचं नोरिएगा हॉटेल 1893 चं. रात्रीचं जेवण ठीक 7 वाजता, लांबच लांब टेबलं, शेजारी अनोळखी माणूस, आणि त्या दिवशी जे शिजेल ते. 2011 साली त्याला जेम्स बिअर्ड हा अमेरिकेतला मानाचा खाद्यपुरस्कार मिळाला, 2020 मध्ये ते बंद झालं. आज गावात मैतिया कुटुंबाचं 1954 पासूनचं वूल ग्रोअर्स आहे, नेवाडातल्या एल्कोत 1910 चं स्टार हॉटेल आहे. तिथे मेन्यू कार्ड असतं, पण वाढायची रीत खाणावळीचीच राहिली आहे.

कार्डावर लॅम्ब, ऑक्सटेल (बैलाचं शेपूट), लसूण घातलेलं चिकन अशा मुख्य पदार्थांपुढे किमती दिसतात. प्रत्येकाने आपापला एक सांगायचा. त्या किमतीत 'सेटअप' धरलेला असतो. सेटअप निवडायचा नसतो. तो टेबलावर, सगळ्यांत मिळून, टप्प्याटप्प्याने येतो. दोघांत एकच मुख्य पदार्थ घेतला तर दुसऱ्याच्या सेटअपचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे लागतात, आणि ते रास्तच आहे.

आता खरी गोम. पहिल्या टप्प्यात तीन भांडी येतात: कोबी-भाज्यांच्या सूपचं मोठं भांडं, शिजवलेल्या बीन्सचा वाडगा आणि टोमॅटो-मिरचीचा पातळसर साल्सा. सोबत ब्रेड-बटर. आपला माणूस सूप आधी पिऊन टाकतो, बीन्स उसळीसारखे ब्रेडला लावून खातो आणि साल्सा चटणीसारखा कडेला वाढून घेतो. मग लिहितो, "सूप पाणचट, बीन्स अळणी." अहो, ते तीन पदार्थ नाहीतच! एकाच पदार्थाचे ते तीन भाग आहेत. आपल्या वाडग्यात दोन डाव सूप घ्या, त्यात एक डाव बीन्स, वर दोन चमचे साल्सा, आणि ढवळा. बीन्सचा पिठूळपणा उतरून सूप दाट होतं, साल्साचा आंबट-तिखटपणा कोबीच्या गोडसर चवीला उठाव देतो. एक घास खाऊन मगच मीठ मागा. बहुतेकदा लागत नाही. साल्सा आधी घालू नका, बीन्स पडल्यावर घाला, म्हणजे तिखट किती हवं ते कळतं. सूप वाढताना भांड्यातलाच डाव वापरा. उष्टा चमचा सगळ्यांच्या भांड्यात घालायचा नाही हा नियम तिथेही आपल्यासारखाच आहे.

इथे दुसऱ्यांदा सूप घेण्याचा मोह होतो. घेऊ नका. ब्रेडचेही दोन काप पुरे. यानंतर व्हिनेगर-तेलातलं सॅलड, कॉटेज चीज, व्हिनेगर आणि लसणात मुरवलेली बैलाची जीभ (कुठे सेटअपमध्येच, कुठे वेगळे पैसे), मग फ्रेंच फ्राइज, काही ठिकाणी स्पॅगेटीही, असं येत राहतं. थाळीत मुख्य पदार्थ असा नसतोच, म्हणून आपण पहिल्या वाढीलाच हात मारतो. इथे मुख्य पदार्थ शेवटी येतो आणि तोवर भूक उरलेली नसते. पहिल्यांदा जात असाल तर ऑक्सटेल सांगा. तासन्‌तास मंद शिजलेल्या मांसाचा तो रस फ्राइजबरोबर खाण्यासारखा असतो. स्टेक कुठेही मिळतो.

बाकीचे गोंधळ लहान आहेत. 'फॅमिली स्टाइल' म्हणजे परमिट रूमपासून वेगळी 'फॅमिली रूम' नव्हे. भांडी सगळ्यांत मिळून, इतकाच अर्थ. बार बहुधा दारातच असतो आणि टेबल मिळेपर्यंत पोरंबाळंही आसपास असतात. तिथलं पिकॉन पंच नावाचं कॉकटेल कडवट आणि जोरदार असतं, रिकाम्या पोटी एकावर थांबा. आणि कृपा करून तिथे पिंचो मागू नका. उभ्याने, एकेक उचलून खायचा तो प्रकार स्पेनमधल्या सॅन सेबॅस्टियनच्या बारमधला आहे, मेंढपाळांच्या हॉटेलातला नाही.

शाकाहाऱ्यांनी मात्र नीट वाचावं. बऱ्याच ठिकाणी मुख्य पदार्थाशिवाय नुसता सेटअप कमी पैशांत मिळतो आणि "चला, व्हेज थाळी मिळाली" म्हणून लोक निर्धास्त खातात. सूपचा स्टॉक मांसाचा असू शकतो, बीन्समध्ये डुकराचं मांस किंवा चोरिझो (मसालेदार सॉसेज) असू शकतो, आणि ढवळलेल्या वाडग्यात ते डोळ्यांना दिसत नाही. "व्हेजिटेरियन आहे का?" एवढंच विचारलं तर "हो, भाज्यांचं सूप आहे" असं प्रामाणिक उत्तर येऊ शकतं. म्हणून टेबलावर बसताक्षणी, सूप यायच्या आधी, दोन प्रश्न वेगवेगळे विचारा: सूपचा स्टॉक कशाचा आहे, आणि बीन्स कशाबरोबर शिजवलेत. दोन्ही बाद ठरले तर सॅलड, कॉटेज चीज, ब्रेड आणि फ्राइज उरतात. फ्राइज कोणत्या चरबीत तळतात तेही त्याच वेळी विचारून घ्या.