कॅपिबारा : गवत आणि पाणी यांच्यामध्ये

दक्षिण अमेरिकेतील नद्या, तळी आणि दलदलींच्या काठाने कळपाने चरणारा कॅपिबारा हा आज जगात असलेला सर्वांत मोठा कृंतक, म्हणजे उंदीर-खारींच्या गणातील प्राणी आहे. पूर्ण वाढ झालेल्या कॅपिबाराचे वजन साधारणपणे ३५ ते ६५ किलोग्रॅम भरते आणि मादी बहुधा नराहून थोडी जड असते. त्याचे जवळचे नाते मात्र उंदराशी नसून गिनीपिगशी आहे, आणि गिनीपिगप्रमाणेच त्याच्या शरीरातही क जीवनसत्त्व तयार होत नाही. ते आहारातूनच मिळवावे लागते.

हा आहार म्हणजे मुख्यतः गवत आणि पाणवनस्पती. गवत चावून चावून दात झिजतात, म्हणून कॅपिबाराचे पटाशीचे दात आणि दाढा आयुष्यभर वाढत राहतात. गवतातील सेल्युलोज पचवणे ही त्याहून अवघड गोष्ट आहे. गाईसारखे अनेक कप्प्यांचे जठर त्याला नसते. लहान आतडे जिथे मोठ्या आतड्याला मिळते तिथल्या भल्यामोठ्या पिशवीत, म्हणजे उंडुकात, सूक्ष्मजीव गवत आंबवतात. पण ही पिशवी लहान आतड्याच्या पुढे असल्यामुळे सूक्ष्मजीवांनी तयार केलेली प्रथिने शोषली जाण्याआधीच शरीराबाहेर पडू लागतात. म्हणून कॅपिबारा स्वतःची मऊ विष्ठा पुन्हा खातो. वाचताना किळस वाटेल, परंतु सशांसह अनेक शाकाहारी प्राण्यांनी अवलंबलेला हा अत्यंत काटकसरीचा मार्ग आहे.

चरणे काठावर असले, तरी जीव वाचवण्यासाठी पाणीच लागते. डोळे, कान आणि नाकपुड्या डोक्याच्या वरच्या बाजूला असल्यामुळे बाकीचे शरीर बुडालेले असतानाही त्याला पाहता, ऐकता आणि श्वास घेता येतो. बोटांमध्ये अर्धवट पडदे असतात आणि गरज पडल्यास तो सुमारे पाच मिनिटे पाण्याखाली राहू शकतो. जग्वार दिसताच कळपातील एखादा प्राणी भुंकल्यासारखा आवाज काढतो आणि सारा कळप पाण्यात उतरतो. अर्थात अ‍ॅनाकोंडा आणि मगरीसारखे केमन पाण्यातही असतातच. दुपारच्या उन्हात विरळ केसांच्या या अंगाला पाण्याचाच गारवा मिळतो आणि समागमही पाण्यातच होतो. नको असलेला नर मागे लागला, तर मादी बुडी मारते किंवा सरळ काठावर निघून जाते.

समाजमाध्यमांमुळे कॅपिबाराला जगातील सर्वांत शांत प्राणी ही ख्याती मिळाली आहे. ती पूर्णपणे खोटी नाही, पण अपुरी आहे. दहा-वीस प्राण्यांच्या कळपात नरांची उतरंड कडक असते. वरचढ नर इतरांना वारंवार हुसकावतो आणि नाकावरच्या उंचवट्यासारख्या ग्रंथीतील चिकट स्राव झुडपांना फासत फिरतो. दुय्यम नर कळपाच्या कडेला राहतात, तरीही संधी साधतातच. व्हेनेझुएला आणि कोलंबियातील यानोस या गवताळ मैदानांत कोरड्या ऋतूत पाणी आटत जाते, तेव्हा अनेक कळप उरलेल्या डबक्यांभोवती एकवटतात आणि शंभरेक प्राणीही एकत्र दिसतात.

सुमारे पाच महिन्यांच्या गर्भधारणेनंतर मादीला सरासरी चार पिल्ले होतात. त्यांचे डोळे जन्मतःच उघडे असतात आणि आठवड्याभरात ती गवत खाऊ लागतात, पण दूधही पितात, आणि तेही केवळ आईचेच नव्हे, तर कळपातील इतर माद्यांचेसुद्धा.

या वेगवान प्रजननाची दुसरी बाजू ब्राझीलमध्ये दिसते. तेथील ठिपक्यांच्या तापाचे जिवाणू गोचिडींमार्फत पसरतात, आणि संसर्ग झालेल्या कॅपिबाराच्या रक्तात ते काही दिवस मोठ्या प्रमाणात असल्यामुळे त्याला चावणाऱ्या नव्या गोचिडींनाही त्यांची लागण होते. एकदा आजार होऊन गेलेला प्राणी पुन्हा तसा स्रोत बनत नाही. मात्र दरवर्षी जन्मणाऱ्या पिल्लांच्या अंगी ही प्रतिकारशक्ती नसते आणि संसर्गाची साखळी त्यांच्यामुळे चालू राहते. उसाच्या शेतांमुळे आणि नदीकाठच्या उद्यानांमुळे अन्न, पाणी व सुरक्षितता एकत्र मिळते तिथे कॅपिबारांची संख्या वाढते, आणि माणसाला हा जीवघेणा ताप होण्याचा धोकाही तिथेच वाढतो.