रताळं, नाचणी आणि माल्टोज

आषाढी एकादशी आली की दादरच्या मंडईत रताळ्यांचे ढीग लागतात. कच्च्या रताळ्याचा तुकडा चावून बघा, गोडी बेताचीच. तेच उकडलं की इतकं गोड लागतं की त्यावर साखर भुरभुरणाऱ्यांचं मला नवल वाटतं. ही वाढीव गोडी माल्टोज नावाच्या साखरेची. कच्च्या रताळ्यात माल्टोज जवळजवळ नसतंच, ते शिजताना तयार होतं. रताळ्यातलं एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) साधारण ६० ते ७५ अंशांच्या दरम्यान स्टार्च, म्हणजे पिष्ट, तोडून त्याचं माल्टोज करतं आणि आच आणखी चढली की स्वतःच निकामी होतं. त्यामुळे निखाऱ्यावर सावकाश भाजलेलं रताळं कुकरमध्ये घाईत उरकलेल्यापेक्षा गोड निघतं.

माल्टोज म्हणजे ग्लुकोजच्या दोन रेणूंची जोडी. ते ओळखायला शास्त्रज्ञांना बराच वेळ लागला. १८११ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये किर्चहोफ या रसायनशास्त्रज्ञांनी स्टार्च सौम्य आम्लात उकळून गोड पाक काढला. युरोपात तेव्हा नेपोलियनच्या नाकेबंदीमुळे उसाच्या साखरेची चणचण होती, म्हणून या पाकाचा गाजावाजाही झाला. १८३३ मध्ये पायां आणि पर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी मोड आलेल्या बार्लीतून, म्हणजे माल्टमधून, स्टार्च फोडणारा पदार्थ वेगळा काढला. त्यातून होणारी साखर ग्लुकोज नसून निराळीच आहे, असं द्युब्रुंफो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८४७ मध्ये सांगितलं. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. अखेर १८७२ मध्ये कॉर्नेलियस ओ'सलिव्हन या बिअरच्या कारखान्यातल्या रसायनतज्ज्ञाने ते पक्कं केलं. माल्टवरून माल्टोज, इतकं ते नाव सरळ आहे.

आपल्याकडे हे काम नावाशिवाय चालूच होतं. बाळासाठी नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात घट्ट बांधून टांगायची, पांढरे मोड फुटले की पसरून वाळवायची, हलकी भाजून दळायची. माझी आई भाजताना कढईपाशी कुणाला येऊ देत नसे. जास्त भाजली की सगळं फुकट, म्हणायची. तिला एन्झाइम ठाऊक नव्हतं, पण म्हणणं बरोबर होतं. मोडांत जागं झालेलं एन्झाइम जास्त उष्णतेने मरतं. ते शाबूत असलं तर खीर शिजताना पातळ होते, म्हणजे बाळाच्या छोट्या पोटात तेवढ्याच वाटीतून जास्त पीठ जातं. १९८० च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका याच गुणाचा अभ्यास केला.

बाकीच्या साखरा ओळखीच्याच. दुधात लॅक्टोज, उसात सुक्रोज, मधात मुख्यतः फ्रुक्टोज आणि ग्लुकोज. माल्टोज मात्र बऱ्याचदा आपल्या समोरच तयार होतं: पावाच्या पिठात (यीस्टचं ते खाणंच), आणि तोंडातसुद्धा. पोळीचा कोरडा घास मिनिटभर चावत राहा, लाळेमुळे तो गोडसर लागू लागतो.

घोटाळा जिभेचा आहे. माल्टोज नेहमीच्या साखरेच्या निम्मंसुद्धा गोड लागत नाही, पण पोटात गेल्यावर त्याचं सगळं ग्लुकोजच होतं, तेही झटपट. आमच्या सोसायटीतले एक काका मधुमेहामुळे चहा बिनसाखरेचा पितात आणि एकादशीला दोन दांडगी रताळी संपवतात. काकू टोकतात तेव्हा म्हणतात, "अगं, यात साखर कुठे घातलीय?"