मान मोडल्यावर शस्त्रक्रिया काय करते

दहीहंडीचा थर कोसळला की खाली पडलेल्या गोविंदाला काखेत धरून उठवायला चार जण धावतात. नेमकं तेच करू नये. मानेचा मणका मोडला असेल, तर त्या ओढाताणीत सरकलेलं हाड मज्जारज्जूवर दाबलं जाऊ शकतं. त्याला पडल्या जागी तसाच राहू द्यावा, डोकं दोन्ही बाजूंनी स्थिर धरावं आणि १०८ला फोन करावा.

मानेतले मणके सात, आणि त्यांच्या पोकळीतला मज्जारज्जू जेमतेम करंगळीएवढा जाड. श्वासपटल हलवणाऱ्या नसा याच भागातून निघतात. त्यांच्या वर मोठी इजा झाली तर श्वासच थांबतो.

ऑपरेशन झालं की पेशंट चालेल ना, हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न. पण तुटलेला मज्जारज्जू शिवता येत नाही. शस्त्रक्रियेने त्याच्यावरचा दाब निघतो आणि मणके हलायचे थांबतात. आघाताच्या क्षणी जे मेलं ते परत येत नाही. मात्र नंतर सूज चढून, रक्तपुरवठा आटून आणखी पेशी मरत जातात, ती हानी कमी करता येते. म्हणूनच मज्जारज्जूवर दाब असेल तर २४ तासांच्या आत ऑपरेशन करायचा प्रयत्न असतो. सगळ्याच फ्रॅक्चरना ते लागत नाही. काही नुसत्या कॉलरवर जुळतात.

मानेच्या खालच्या मणक्यांपर्यंत बरेचदा गळ्याच्या पुढून जातात. श्वासनलिका आणि अन्ननलिका अलगद बाजूला सारून दोन मणक्यांमधली फुटलेली चकती काढतात, तिथे कमरेच्या हाडाचा तुकडा बसवतात आणि वरून टायटॅनियमची पट्टी स्क्रूने घट्ट करतात. पुढच्या काही महिन्यांत हाड एकसंध होतं.

खरी कसोटी पहिल्या दोन मणक्यांची. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी तिथे हाडाला अगदी लगटून वळते. या सांध्यासाठी तेव्हा परळच्या केईएम रुग्णालयात असलेले डॉ. अतुल गोयल यांनी दोन्ही मणक्यांत थेट स्क्रू बसवून ते पट्टीने जोडायची पद्धत विकसित केली आणि १९९४मध्ये ती प्रसिद्ध केली. पुढे जर्मनीच्या हार्म्स यांनी तीत पट्टीऐवजी सळी वापरली. आज जगभरचे सर्जन ती गोयल-हार्म्स तंत्र म्हणून ओळखतात. मुंबईकरांना हे फारसं ठाऊक नाही, याचं मला वाईट वाटतं.

या ऑपरेशनची किंमतही मोठी आहे. मान डावी-उजवीकडे वळते त्यातलं जवळपास निम्मं वळणं या एकाच सांध्यात होतं आणि तो जोडला की ते जातं. पुढे गाडी चालवताना, रस्ता ओलांडताना मागे बघायचं तर खांद्यासकट वळावं लागतं. रुग्णाला हे ऑपरेशनच्या आधीच स्पष्ट सांगायला हवं.