ठळक अक्षराच्या पोटातली जागा

दुकानांच्या पाट्या आणि चौकातले फ्लेक्स पाहिले की एक समजूत जागोजागी दिसते: अक्षर जितकं जाड, तितकं लांबून वाचता येतं. जाड अक्षराकडे नजर लवकर जाते हे खरं. पण नजर गेली म्हणजे वाचता आलं असं होत नाही.

मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मोदक’ हा फॉन्ट मला फार आवडतो. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांचं हे काम. अक्षरं इतकी गुबगुबीत, की त्यांच्या पोटातल्या पोकळ्या केसाएवढ्या पांढऱ्या रेघा होऊन उरल्या आहेत. तरीही शब्द वाचता येतो, कारण प्रत्येक रेघ नेमकी जिथे हवी तिथेच ठेवली आहे.

रोमन ‘आय’ कितीही जाड करा, त्याच्या आत बुजण्यासारखं काही नाही. देवनागरी ‘क’मध्ये मात्र मधला दंड फुगला, की डावीकडचं पोट आणि उजवीकडचं वळण दोन्ही आतून भरत जातात. वर शिरोरेघ बसलेली असल्यामुळे त्या बाजूला सरकायलाही जागा नसते. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातला फरक तर बराचसा शिरोरेघेतल्या फटीवर टिकून असतो. ती फट बुजली की ‘धडा’चा ‘घडा’ होतो आणि ‘भात’चा ‘मात’.

फट किती मोठी हवी, हे डोळा ठरवतो. निरोगी डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनातलं अंतर वेगळं दिसतं. 10 मीटरवरून हे अंतर सुमारे 3 मिलिमीटर भरतं, 100 मीटरवरून सुमारे 3 सेंटिमीटर. म्हणजे 30 सेंटिमीटर उंचीचं अक्षर 100 मीटरवरून वाचायचं, तर त्याची पोकळी उंचीच्या निदान दहाव्या भागाएवढी हवी. पोकळी पन्नासाव्या भागाएवढी असेल तर 20 मीटरच्या आसपासच ती मिटते आणि पुढे नुसता काळा ठिपका दिसतो. अंधारात उजळलेल्या पाटीवर आणखी एक अडचण येते. प्रकाश डोळ्यात थोडा पसरतो, त्यामुळे काळ्यावरची पांढरी अक्षरं आहेत त्याहून जाड भासतात आणि त्यांच्या पोटातला अंधार भरून येतो. अशा ठिकाणी त्याच अक्षराचं एक पायरी बारीक वजन (म्हणजे रेघांची जाडी) घ्यावं.

फॉन्टबद्दल चमत्काराचे दावेही होतात. 2018 मध्ये मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठाने ‘सॅन्स फॉरगेटिका’ हा मुद्दाम तुटक ठेवलेला फॉन्ट आणला आणि त्यातलं वाचलेलं जास्त लक्षात राहतं असं सांगितलं. बातम्या जगभर झाल्या. 2020 मध्ये स्वतंत्र संशोधकांनी प्रयोग करून पाहिले, तेव्हा स्मरणशक्तीला असा फायदा आढळला नाही. दुकानाच्या पाटीवरचं अक्षर बदलून नशीब उघडण्याचे सल्ले देणाऱ्यांनी तर प्रयोगाची तसदीही घेतलेली नसते.

तेव्हा ‘मोदक’सारखं अक्षर मोठ्या आकारात आणि दोन-तीन शब्दांपुरतं वापरावं: लहान मुलांच्या पुस्तकाचं शीर्षक, उत्सवाचं पोस्टर, पाकिटावरचं नाव. पत्ता, नियम, औषधाची सूचना त्यात लावू नये. शब्दात ‘कार्यांचा’सारखे रफार-अनुस्वार एकत्र आले, तर ओळींमध्ये जागा सोडावी. आणि ‘बोल्ड’चं बटण अजिबात दाबू नये. ‘मोदक’ला एकच वजन आहे, बटण दाबल्यावर सॉफ्टवेअर अक्षराची कड सगळीकडून सारखी फुगवतं आणि जपून ठेवलेल्या त्या रेघा पहिल्यांदा बुजतात. कमी-जास्त जाडी हवीच असेल, तर त्याच संस्थेचा ‘बलू 2’ घ्यावा. त्यात पाच वजनं आहेत आणि प्रत्येकात पोकळ्यांचा विचार वेगळा केलेला आहे.