मोथाराबे की मुदेहार? स्पेनमध्ये नव्याने राहायला आलेल्यांसाठी

तोलेदोच्या रेल्वे स्टेशनात पहिल्यांदा उतरणारा हमखास थबकतो. विटांच्या भिंती, घोड्याच्या नालासारख्या कमानी, रंगीत फरशा, कोरीव लाकडी छत. मला वाटलं, जुना अरबी राजवाडा रेल्वेने घेतलेला दिसतोय. पण ते स्टेशन 1919 सालचं आहे, आणि त्याच्या शैलीला म्हणतात नेओमुदेहार, म्हणजे नव्याने केलेली मुदेहार. तिथून गावात चढून कॅथीड्रलमध्ये गेलं की एका चॅपलचं नाव कानावर येतं, मोथाराबे. दोन्ही शब्द 'म'चे, दोन्हींचं मूळ अरबी, दोन्ही गाइडच्या तोंडी एकाच दमात. इथे वर्षानुवर्षं राहणारी आपली माणसंही एकाच्या जागी दुसरा वापरतात.

नागरिकत्वाच्या परीक्षेत 25 प्रश्न असतात आणि 15 बरोबर आले की काम होतं, तेवढ्यासाठी हा फरक कळला नाही तरी चालेल. पण ज्या गावात घर करायचं, त्याच्या भिंती वाचता याव्यात असं मला मनापासून वाटतं.

मोथाराबे म्हणजे मुसलमान राजवटीत राहणारे ख्रिस्ती. मुदेहार म्हणजे ख्रिस्ती राजवटीत राहणारे मुसलमान. कुठेही गोंधळ झाला तर आधी विचारायचं की राज्य कोणाचं होतं.

शब्दांचे अर्थही लक्षात ठेवण्यासारखे आहेत. मोथाराबे हा 'मुस्तअरब'वरून आला, म्हणजे अरबी वळण लागलेला. मुदेहार आला 'मुदज्जन'वरून. मागे राहू दिलेला, माणसाळवलेला. पाळीव कोंबड्यांसाठीचा अरबी शब्दही त्याच धातूचा. पिढ्यान्‌पिढ्या त्याच मातीत राहिलेल्या माणसांना हे नाव मिळालं, हे मला आजही टोचतं.

711 साली मुसलमान फौजा आल्या आणि आजच्या स्पेन-पोर्तुगालचा बहुतेक द्वीपकल्प त्यांच्या ताब्यात गेला. तिथल्या ख्रिस्ती लोकांना कर भरून आपला धर्म पाळता येत होता. धर्म राहिला, भाषा मात्र बदलत गेली. नवव्या शतकात कोर्दोबाचा आल्वारो हा ख्रिस्ती लेखक तळमळून लिहितो की आपली तरुण मुलं अरबी कवितांवर लुब्ध आहेत आणि त्यांना लॅटिनमध्ये साधं पत्र धड लिहिता येत नाही. मुलांच्या मराठीची काळजी करणाऱ्या आईबापांना ही तक्रार अगदी ओळखीची वाटेल.

1085 साली सहाव्या आल्फोन्सो या ख्रिस्ती राजाने तोलेदो घेतलं आणि राज्य फिरलं. काल राज्यकर्त्यांच्या धर्माचे असलेले मुसलमान आज मुदेहार झाले. मोथाराबे आता ख्रिस्ती राजाची प्रजा होते, तरी नाव त्यांना चिकटून राहिलं, आणि भाषाही. बाराव्या-तेराव्या शतकांतली त्यांची खरेदीखतं, मृत्युपत्रं अरबीत आहेत, आणि अशी हजाराहून अधिक कागदपत्रं आज उपलब्ध आहेत. घरात येशू आणि दस्तात अरबी, यात त्यांना काही विसंगत वाटत नव्हतं.

त्यांची प्रार्थनाही वेगळी होती. नाव मोथाराबे असलं तरी ती अरबीत नाही, लॅटिनमध्ये आहे, आणि अरब येण्याच्या आधीची, विसिगोथांच्या, म्हणजे अरबांआधी इथे राज्य करणाऱ्या जर्मानिक लोकांच्या, काळातली आहे. अकराव्या शतकात रोमन पद्धत सगळीकडे लागू झाली, तोलेदोच्या मोथाराबे चर्चनी मात्र जुनी सोडली नाही. पुढे ती विझत चालली तेव्हा तोलेदोचा आर्चबिशप कार्डिनल सिस्नेरोस याने तिचा ग्रंथ 1500 साली छापून घेतला आणि कॅथीड्रलमध्ये तिच्यासाठी चॅपल दिलं. तिथे आजही ती चालते.

मुदेहारांच्या वाट्याला असं चॅपल आलं नाही. गवंडी, सुतार, कुंभार म्हणून त्यांची गरज होती, तोवर ते राहिले. स्पॅनिशमध्ये गवंड्याला अल्बान्यील म्हणतात, तो शब्द अरबीच. (तसाच 'फुलानो', म्हणजे आपला 'फलाणा'. एकच अरबी शब्द इकडे थेट आला, आपल्याकडे फारसीतून.) 1502 साली कास्तीयमध्ये (तोलेदो ज्यात होतं त्या राज्यात) मुदेहारांपुढे बाप्तिस्मा किंवा देशत्याग एवढेच पर्याय ठेवले. बाप्तिस्मा घेतलेल्यांना मग मोरिस्को म्हणू लागले, आणि 1609 ते 1614 या काळात त्या सुमारे तीन लाख लोकांना देशाबाहेर काढलं.

इमारतींच्या बाबतीत एक सावधगिरी. 'मुदेहार शैली' हे नाव 1859 सालचं, आमादोर दे लोस रिओस या इतिहासकाराने एका भाषणात रूढ केलेलं. शैली मुदेहार म्हणून गवंडी मुसलमानच असेल असं नाही. पुढे ख्रिस्ती कारागीरही तशीच वीट लावत होते. तेरुएल या गावातले हिरव्या-पांढऱ्या चकाकत्या फरशांचे मनोरे याच शैलीचे, आणि ते चर्चचे आहेत.

तोलेदोत असाल तर क्रिस्तो दे ला लूसला जा. एखाद्या मोठ्या खोलीएवढी मशीद, आत नऊ छोटे घुमट, एकासारखा दुसरा नाही. दर्शनी भिंतीवर विटांनीच रचलेली अरबी अक्षरं आहेत. त्यात बांधणाऱ्याचं नाव आणि हिजरी 390, म्हणजे आपलं 999 किंवा 1000 साल. आता वळसा घालून मागे या. तिथला अर्धगोल भाग गाव ख्रिस्ती झाल्यावर, बाराव्या शतकात, चर्चसाठी जोडलेला आहे. तीच वीट, तशाच कमानी. सांधा शोधायला मला बराच वेळ उभं राहावं लागलं. पुढची मशीद मुसलमान राज्यातली, म्हणून तिला मुदेहार म्हणायचं नाही. मागचा भाग मुदेहार. आणि मोथाराबे यातलं काहीच नाही, नालाच्या कमानी कितीही दिसल्या तरी.