चाकूचं पोट आणि घाटाचा रस्ता

शेजारच्या मुलाला ट्रेकसाठी घडीचा चाकू घ्यायचा होता. मोबाइलवर त्याने एक फोटो दाखवला. सरळ धार, आणि टोकाशी एकदम कोन करून वळलेलं पातं. "काका, हा टांटो. सामुराई वापरायचे म्हणे." मी विचारलं, "याने कापणार काय?" "काकडी, टोमॅटो, ब्रेड, दोरी." मी त्याला स्वयंपाकघरात नेलं, हातात पिकलेला टोमॅटो आणि सुरी दिली आणि म्हटलं, "सुरी जराही पुढेमागे न करता नुसती दाबून काप."

टोमॅटो चेपला, पिचकला, मग कुठे साल फाटली. दुसरा टोमॅटो त्याने हलकेच सुरी ओढून कापला. सुरी तीच, धार तीच, पण चकती स्वच्छ निघाली.

धार असली की झालं, आकार म्हणजे फक्त दिसणं, असं बहुतेकांना वाटतं. पण पात्याचा आकार जे काम करतो, ते या दुसऱ्या टोमॅटोत आहे. ते काम म्हणजे सरकणं.

खंडाळ्याचा घाट आठवा. डोंगराची उंची ठरलेली असते. सरळ वर चढलात तर चढ छातीवर येतो. नागमोडी रस्त्याने गेलात तर अंतर वाढतं, पण प्रत्येक पावलाला लागणारा जोर कमी होतो. कापण्याचंही असंच आहे. टोमॅटोचा एक चौरस सेंटिमीटर भाग चिरायला ठरावीक ऊर्जा लागते, आणि ती तुम्ही कसंही कापलंत तरी द्यावीच लागते. नुसतं दाबलं, तर ती सगळी खाली जाण्याच्या छोट्याशा अंतरात द्यावी लागते, म्हणून जोर फार लागतो. पातं सरकवलं, तर तीच ऊर्जा लांब वाटेवर वाटली जाते.

किती फरक पडतो? पातं खाली जितकं गेलं, त्याच्या किती पट ते आडवं सरकलं, या गुणोत्तराला 'स' म्हणू. घर्षण बाजूला ठेवलं तर खाली दाबण्याचा जोर 1 भागिले (1 + स वर्ग) इतका उरतो. स = 1 असेल तर जोर निम्मा. स = 2 असेल तर पाचवा हिस्सा. स = 3 असेल तर फक्त दहावा. इंग्लंडमधल्या रीडिंग विद्यापीठातल्या टोनी अ‍ॅटकिन्स आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये हा हिशेब चेडर चीज आणि सलामीवर तपासून मांडला. आडवा जोर धरून एकूण बळ काढलं, तरी स = 3 ला ते मूळच्या एक तृतीयांशाच्या आसपास येतं.

भूमितीही मदतीला येते. पात्याची पाचर 30 अंशांची असली, तरी स = 3 ने तिरकं सरकताना पदार्थाला ती जेमतेम 10 अंशांची भासते. चाकू न घासताच पातळ झाल्यासारखा वागतो. मऊ जेलीसारख्या पदार्थांत आणखी एक गोष्ट घडते. हार्वर्डच्या एल. महादेवन यांच्या गटाने 2012 मध्ये दाखवलं की सरकण्याने पृष्ठभागावर कातर ताण, म्हणजे थराला आडवा ओढणारा ताण, येतो आणि त्यामुळे चीर सुरू व्हायला लागणारं बळच कमी होतं. टोमॅटोच्या सालीला नेमकं हेच हवं असतं.

आता आकाराकडे या. धार सरळ असेल आणि पातं तिच्याच दिशेने ओढलं, तर ते आपोआप खाली जात नाही. दाब वेगळा द्यावा लागतो. धारेला बाहेरून फुगीर वळण असेल, ज्याला चाकूचं पोट म्हणतात, तर नुसतं ओढलं की त्या वळणामुळे धार पदार्थात शिरत जाते. सरकणं आणि दाबणं यांचं मिश्रण आकारातच भरलेलं असतं.

आपली विळी हेच करते. तिचं पातं पाटावर उभं ठोकलेलं नसतं, तिरपं आणि वळलेलं असतं. भाजी पुढे रेटली की ती धारेवरून सरकतेच. गोव्यात तिला आदोळी म्हणतात. पाट पायाखाली दाबलेला असल्याने दोन्ही हात मोकळे राहतात, हे वेगळंच.

विळ्याचं वळण उलटं, आतल्या बाजूचं. फळीवर ठेवून कापायला ते निरुपयोगी, पण खाली आधार नसलेलं गवत किंवा धान्याची ताटं ते कवेत घेतं आणि निसटू देत नाही. हॉकबिल नावाचे घडीचे चाकू म्हणजे छोटा विळाच. दोरी, पाइपवरचं आवरण, वेली कापायला उत्तम.

शीप्सफूट पात्याची धार सरळ, पाठ टोकाशी उतरून येते, त्यामुळे अणी जवळपास नसतेच. डोलत्या जहाजावर दोर कापणाऱ्या खलाशांना ते आवडायचं. खोके उघडतानाही आतली वस्तू भोसकली जात नाही. क्लिप पॉइंट पात्याची पाठ टोकाशी कापून काढल्यासारखी, त्यामुळे अणी बारीक आणि तीक्ष्ण, म्हणून चटकन मोडणारी. आणि टांटो? जुन्या जपानी टांटोची धार बहुधा सौम्य वळणाची असते. हा ठळक कोनाचा नमुना मुख्यतः अलीकडचा आहे आणि सामुराईच्या नावावर खपवला जातो. त्याचं टोक भक्कम असतं हे खरं, पण त्याला पोट नसतं, आणि रोजच्या कापण्यात पोटच कामी येतं.

माझं मत ड्रॉप पॉइंटला. पाठ हलकेच खाली उतरते, अणी मजबूत राहते, धारेला पुरेसं पोट मिळतं. पातं 3 इंचांचं पुष्कळ झालं. आपल्या शस्त्र नियमांत घरगुती किंवा शेतीकाम वगैरेसाठी नसलेली, 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पाती परवान्याच्या कक्षेत येतात, आणि विमानात केबिनच्या सामानात तर छोटा चाकूही चालत नाही.

त्या मुलाने ड्रॉप पॉइंटच घेतला. महिनाभराने धार गेली म्हणून घेऊन आला. सरळ भाग शाबूत होता, पोट बोथट झालं होतं, कारण सगळं काम तिथेच झालं होतं. दगडावर घासताना तो मूठ एकाच उंचीवर धरत होता, त्यामुळे वळणावर कोन बदलत होता. पोटाकडे येताना मूठ किंचित उचलायची, एवढं त्याला दाखवलं.